मेपलचा गूळ

झाडाला बोटभर छिद्र पाडलं की त्यातून गोड पाणी गळतं, ही बातमी आमच्या घरात बाबांनी आणली, आणि आईने पोळी लाटता लाटता ‘काहीतरीच!’ म्हणून ती उडवून लावली. आम्ही तेव्हा ऑकलंडमधलं मनुरेवा सोडून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागोच्या उघड्याबोडक्या डोंगरांमधल्या एका लहान गावात नुकतेच राहायला आलो होतो. आईला तिथल्या छोट्या इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली होती आणि बाबा धरणावरच्या वीजकेंद्रात इंजिनियर म्हणून लागले होते. मी पंधरा वर्षांची होते, मैत्रिणी तिकडे राहिल्या म्हणून सगळ्या जगावर रुसलेली. मनुरेवातल्या आमच्या रस्त्यावर कायम काहीतरी वाजत असायचं, रविवारी टोंगन चर्चमधलं गाणं, एरवी शेजारच्या पंजाबी काकांचा रेडिओ आणि डेअरीसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, रबरी चपला फटफटवत फिरणारी पोरं. इथे मात्र सकाळी ऐकू यायचा तो फक्त बर्फाळलेल्या गवतावर बाबांच्या बुटांचा कुरकुर आवाज, आणि गाडीची काच खरवडल्याचा.

घर जुनं, लाकडी आणि इतकं गार होतं की खोबरेल तेलाची बाटली हिवाळाभर दगड होऊन बसायची. आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या बर्नरभोवती राहायचो म्हटलं तरी चालेल. आई ड्यूटीवरून आली की कोट न काढताच तवा ठेवायची. ज्वारीचं पीठ ऑकलंडहून पोस्टाने यायचं, म्हणून भाकरी फक्त शनिवारी. इतर दिवशी पोळी, मटार-बटाटा, आणि माझ्यासाठी बाबांनी आणलेले गार झालेले चिप्स. आई बोलायची कमी. या देशात आल्यावर तिला नर्सिंगच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागल्या होत्या, मधली काही वर्षं तिने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालण्यात काढली होती, आणि या सगळ्यात तिचं बोलणं कुठेतरी आटून गेलं होतं. मीही तिला मराठीत उत्तर देत नसे. ती म्हणायची, ‘जेवून घे गं,’ मी म्हणायची, ‘नॉट हंग्री.’ ती कोल्हापूरकडची, तिकडे माझा मामा असतो आणि त्यांची उसाची शेती आहे, एवढंच मला ठाऊक होतं. मामाचा फोन आला की ती एकदम ‘मी येतो, मी सांगतो’ अशा तिकडच्या बायकांच्या भाषेवर जायची. मला त्याचं हसू यायचं.

गोड पाण्याची बातमी बाबांना ज्यांनी दिली त्यांचं नाव आर्मां. बाबांनी ते ‘अरमान’ असं ऐकलं आणि शेवटपर्यंत तसंच म्हटलं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. ते मूळचे कॅनडातल्या क्युबेकचे. तरुणपणी धरण बांधायला म्हणून आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी दर शुक्रवारी ते वीजकेंद्रात चहाला यायचे, जुन्या यंत्रांवरून हात फिरवायचे आणि घरी जायचे. एका शुक्रवारी त्यांनी बाबांना सांगितलं, ‘रात्री कडक थंडी आहे, दिवसा ऊन आहे. माझी झाडं सुरू झालीयेत. बायको-मुलीला घेऊन या.’

ऑगस्टमधला, म्हणजे इथल्या सरत्या हिवाळ्यातला, शनिवार होता. त्यांचं घर नदीच्या वरच्या अंगाला होतं आणि घरामागे चढावर मेपलच्या झाडांची दुहेरी रांग होती, निष्पर्ण, करडी, खरबरीत सालीची. प्रत्येक झाडाला कमरेच्या उंचीवर एक छोटी धातूची तोटी ठोकलेली आणि तिला झाकणाची बादली अडकवलेली. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. टप्. मग दुसरीकडे टप्. ज्या बादल्या रिकाम्या होत्या त्या टणकन वाजत होत्या, ज्या भरत आल्या होत्या त्यांतून नुसता डुबुक आवाज. वारा नव्हता, पानं नव्हती, पक्षीसुद्धा नव्हते, आणि सगळा चढ असा आपल्या आपण वाजत होता. मी कानातले इयरफोन काढले. ते मी कधी काढले ते मला आठवत नाही, पण बाबा पुढे बरीच वर्षं ती गोष्ट लोकांना सांगत.

आर्मांनी एका बादलीत कप बुडवून माझ्या हातात दिला. पाण्यासारखं पाणी, पारदर्शक, दात शिवशिवतील इतकं गार.

‘इट्स जस्ट वॉटर,’ मी म्हटलं.

‘गिळ,’ ते म्हणाले. ‘आणि थांब.’

गिळलं, थांबले, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला कुठेतरी गोडवा उमटला. उसासारखा नाही, फळासारखाही नाही. लाकूड गोड लागत असेल तर ते असं लागत असेल.

‘ही झाडं मी बियांपासून लावली,’ आर्मां बाबांना सांगत होते. ‘आईने लोकरीच्या मोज्यात घालून बिया पाठवल्या होत्या. माझी बायको म्हणाली, अरे, यातून रस निघेपर्यंत आपण म्हातारे होऊ. मी म्हटलं, मग होऊ या म्हातारे. खोड पुरेसं जाड झाल्याशिवाय झाडाला भोक पाडायचं नसतं, त्याला इजा होते. चाळीस वर्षं थांबलो. ज्या हिवाळ्यात पहिली तोटी ठोकली, त्याच्या आदल्या शरद ऋतूत बायको गेली.’

चाळीस वर्षं. मी तेव्हा चाळीस मिनिटं बसची वाट पाहायला तयार नसायची. आज माझ्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलंय आणि माझ्या खिडकीत मी लावलेलं झाड म्हणजे एक कढीलिंब, तोही आजारी. त्या माणसाच्या धीराचं माप मला अजून घेता आलेलं नाही.

रस आटवायची जागा म्हणजे एक दगडी शेड, छप्पर मधोमध उघडं, त्यातून वाफेचा खांब थेट आकाशात गेलेला. आत दगड रचून केलेली लांबट चूल आणि तिच्यावर पलंगाएवढं उथळ, चौकोनी पात्र. जर्दाळूच्या जुन्या झाडांची लाकडं धडाडून पेटलेली. बादल्यांमागून बादल्या आटवाव्या तेव्हा कुठे एक बाटली सिरप हाती लागतं, हे आर्मांनी सांगितलं. मग लाकडं सारता सारता ते आणखी मागे गेले. आपले पूर्वज फ्रान्सहून तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून त्या जंगलातली मूळ माणसं हे करत आलीयेत, म्हणाले. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, विस्तवावर ठेवता येईल असं भांडंही नव्हतं. ती झाडाला खाच पाडत, भूर्जाच्या सालीच्या द्रोणात रस धरत, आणि तापवून लाल केलेले दगड त्या रसात सोडत. दगड निवला की काढायचा, दुसरा टाकायचा. नाहीतर रस रात्रभर उघड्यावर ठेवायचा. वर पाण्याचा बर्फ जमायचा, तो उचलून फेकून द्यायचा, खाली राहायचं ते जास्त गोड. असं पुन्हा पुन्हा. ‘आमच्या लोकांना त्यांनी शिकवलं,’ आर्मां म्हणाले. ‘आम्ही फक्त लोखंडाची भांडी आणली आणि सगळं आमचंच असल्यासारखे वागलो.’

आई इतका वेळ पात्राच्या कडेला उभी होती. हात कोटाच्या खिशात, डोळे फेसावर. अचानक तिने इंग्रजीत विचारलं, ‘फेस उतू यायला लागला की काय करता?’

आर्मांनी वर बोट दाखवलं. पात्रावर आडवी दोरी होती आणि दोरीला फडक्यात बांधलेला लोण्याचा गोळा टांगलेला. फेस चढत चढत त्या गोळ्याला लागला आणि कुणीतरी दटावल्यासारखा खाली बसला.

आई हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. ‘आमच्याकडे एरंडेल!’ ती म्हणाली. ‘काहिलीत एरंडेलाचे थेंब!’ आर्मांना काहील कळली नाही, मलाही नाही. पण आई अशी हसते हे मला नव्याने कळलं.

पुढचा दीड आठवडा मी शाळा सुटली की तिकडे जायची. बादल्या उतरवायच्या, रस ओतायचा, लाकडं आणायची. आर्मां मला रसात उकडलेली अंडी द्यायचे. सालीच्या आत ती फिकट तपकिरी झालेली असत. आई ड्यूटी संपवून मला न्यायला यायची आणि अर्धा तास तरी निघायची नाही. मग एका बुधवारपासून आईला संध्याकाळची ड्यूटी लागली आणि माझं जाणं राहिलं; शनिवारी आम्ही तिघं सकाळीच गेलो. आर्मां शेडच्या दारात बाकावर बसले होते, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला, कपाळावर घाम. त्या थंडीत घाम. बाबा ‘गुड मॉर्निंग, अरमान’ म्हणेपर्यंत आई त्यांच्यापाशी पोचलीही होती. तिने नाडी धरली, कोटाची बटणं सोडली, मला घरात फोन करायला पाठवलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांच्याशी अगदी साध्या आवाजात बोलत राहिली, जणू काही हवापाण्याच्या गप्पा. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी तिचं मनगट पकडलं.

‘बादल्या भरल्यात,’ ते म्हणाले. ‘गेले तीन दिवस मी आटवलेलं नाही. आता ऊन वाढतंय, रस नासेल. सगळा ओतून द्या.’

अँब्युलन्स डनीडिनच्या मोठ्या इस्पितळाच्या रस्त्याला लागली. आम्ही तिथेच उभे. चढावरून टप् टप् चालूच होतं. झाडांना काय कळणार? शेडच्या बाहेर मोठमोठी पिंपं भरलेली होती.

‘तर मग,’ बाबा म्हणाले, ‘ओतू या. मनू, ते पिंप धर तिकडून.’

‘थांबा,’ आई म्हणाली. ‘ओतायचं नाही.’

‘अगं, त्यांनीच सांगितलं. आणि आपल्याला कुठे येतंय?’

‘मला येतं,’ आई म्हणाली. मग जरा थांबून, खाली बघत, ‘म्हणजे... मी बघितलंय. आमच्या आबांचं गुऱ्हाळ होतं. अहो, चाळीस वर्षं थांबलेला माणूस तो. त्याचं पाणी मी मातीत ओतणार नाही.’

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या.

त्या दिवसाइतकं मी पुन्हा कधी राबले नाही. बाबांनी आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर पाहिला, कारण त्या उंचीवर आणि त्या दिवशीच्या हवेत पाणी नक्की किती अंशांवर उकळतं हे कळल्याशिवाय, त्याच्या चारएक अंश वर उतरवायचं सिरप मोजण्यात अर्थ नाही, असं आर्मांनी त्यांना दाखवलं होतं. मग आम्ही पात्र भरलं. आईने केस फडक्यात बांधले आणि चुलीचा ताबा घेतला. ‘मनू, जाड लाकूड नको, फाटे दे.’ ‘अहो, मागच्या बाजूला जाळ कमी पडतोय.’ ‘लोणी खाली घ्या, फेस पोचत नाहीये.’ हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इस्पितळात ती अशी बोलत असेल, पण घरी नाही. वाफेत तिचा चेहरा दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. आणि बोलता बोलता ती सांगायला लागली. गुऱ्हाळ सुरू झालं की गावभर गोड वास सुटायचा, चुलवाणात, म्हणजे खालच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारणाऱ्याचे पाय राखेने पांढरे व्हायचे, काहिलीतल्या, म्हणजे त्या प्रचंड कढईतल्या, रसावर भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकून मळी वर आणायचे, ती झाऱ्याने काढायचे. काकवीची तार बघायला आबा, म्हणजे तिचे वडील, बोटं पाण्यात बुडवून थेंब उचलायचे.

‘यू डिड ऑल दॅट?’ मी विचारलं.

‘छे. पोरींना काहिलीपाशी येऊच द्यायचे नाहीत. आत पडलं की संपलं. दादा जायचा आबांच्या बरोबर. मी आपली कुडाच्या भिंतीशी उभी. सगळं बघायची, रोज बघायची. आज कधी उतरवणार ते मला वासावरून आधी कळायचं. पण विचारतंय कोण?’

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. झाऱ्याने फेस काढत होती, एवढंच.

दुपारपर्यंत आर्मांच्या सगळ्या बाटल्या भरल्या. प्रत्येक खेपेला बाबा थर्मामीटर बघून ‘आता!’ म्हणायचे आणि आई झारा आडवा धरून कडेवरून पडणारी धार बघायची. धार थेंबाथेंबाने न तुटता पदरासारखी एकत्र उतरली की ती मान हलवायची. दोघांचं एकदम जुळायचं. शेवटचं पात्र चुलीवर असताना घरात फोन वाजला. इस्पितळातून असणार म्हणून आम्ही तिघंही धावलो. आर्मां वाचले होते, धोका टळला होता, उद्या हृदयाची एक बंद नळी उघडणार होते. आई खाली बसली आणि फोन हातात घेऊन तिथल्या नर्सला सगळं पुन्हा एकदा विचारत राहिली. परत शेडमध्ये आलो तर वास बदललेला होता. बाबांनी थर्मामीटर पाहिला.

‘गेलं,’ ते म्हणाले. ‘सिरपच्या फार पुढे गेलं. आणि पातळ करायला रसही उरलेला नाही.’

आई पात्रावर वाकली. तपकिरी, जाड बुडबुडे, सावकाश फुटणारे. तिने बोटं गार पाण्यात बुडवली, पळीवरचा थेंब उचलला आणि दोन बोटांत धरून ताणला. मग म्हणाली, ‘मागे नेता येत नाही ना? मग पुढे नेऊ. मनू, घरातून सगळ्यात मोठं पातेलं आण, आणि स्वच्छ फडकं, ओलं करून.’

पुढचं मी भिंतीला टेकून पाहिलं. जाळ कमी केला. आई लाकडी फळीने ढवळत राहिली, थांबली, वास घेतला, पुन्हा ढवळलं. एका क्षणी, मला काहीच फरक दिसला नाही त्या क्षणी, ती ‘उतरवा!’ म्हणून ओरडली. बाबा आणि तिने दोन बाजूंनी पात्र उचललं, खाली ठेवलं, आणि ती घोटायला लागली. हात दुखले तरी थांबेना. ते चकचकीत होतं, मग हळूहळू मंद झालं, जड झालं, फळीबरोबर ओढलं जायला लागलं. ओल्या फडक्याचं अस्तर लावलेल्या पातेल्यात तिने ते ओतलं, वरून हाताने थापून सारखं केलं, हात भाजत होता तरी. पात्राच्या कडेला चिकटलेलं खरवडून तिने त्यात आमच्या डब्यातले शेंगदाणे लोळवले आणि माझ्या तोंडात घातले. गरम, धुराच्या वासाचं, लाकडाचं, गोड. ऊन डोंगराआड जाईपर्यंत आम्ही त्या पातेल्याभोवती बसून होतो. मग आईने ते पालथं केलं आणि फडकं सोडलं. गुळाची ढेप. ओटागोमध्ये, क्युबेकच्या झाडांच्या रसाची. आई तिच्या कडेवरून सावकाश बोट फिरवत होती. मला वाटतं, माझ्या आईला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही डनीडिनला गेलो. आर्मां खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, रंग परत आलेला. बाबांनी त्यांना सिरपची बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, खूश झाले. ‘तुम्ही ओतलं नाहीत,’ एवढंच म्हणाले. मग आईने अवघडत पिशवीतून ढेप काढली. ‘एक खेप बिघडली,’ ती म्हणाली. ‘म्हणून हे केलं. आमच्याकडे असं करतात. तुम्हाला चालेल की नाही...’

आर्मांनी ढेप दोन्ही हातांत घेतली. नाकापाशी नेली. मग ते फ्रेंचमध्ये काहीतरी बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं की आम्हाला ते कळत नाही.

‘आमच्याकडे पूर्वी हेच होतं,’ ते म्हणाले. ‘सिरप नंतर आलं, डबे आल्यावर. माझे आजोबा सिरप करतच नसत, ठेवणार कशात? ते साखर करायचे, अशी, दगडासारखी. सुतळीने माळ्यावर टांगलेली असायची आणि आजी वर्षभर सुरीने किसून काढायची. पावावर घालायची, चहात घालायची. मी सहा-सात वर्षांचा असताना शेवटची बघितली. मला स्वतःला कधी जमली नाही. दोनदा केली, दोनदा जळली.’ त्यांनी नखाने एक कपचा काढून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. ‘कुणी शिकवलं तुम्हाला?’

‘कुणीच नाही,’ आई म्हणाली. ‘मी बघत होते.’

आर्मां बरे होऊन घरी आले आणि आणखी बरेच हिवाळे जगले. त्या प्रत्येक ऑगस्टमध्ये शेवटचं पात्र आईचं असायचं, आणि त्या दिवशी ते स्वतः चुलीत लाकडं सारायचे, तिच्या हुकमाने. झाडं आता त्यांच्या पुतण्याकडे आहेत आणि अजून गळतात. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. निरोप घेऊन आम्ही खाली आलो तर इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेलिफोन होता. आईने पर्समधून फोनकार्ड काढलं, त्यावरचा लांबलचक नंबर दाबला. कोल्हापूरकडे सकाळ असणार. मी शेजारीच उभी होते, आणि मामाचा आवाज नेहमीच मोठा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

‘दादा, मी बोलतो,’ आई म्हणाली. ‘अरे, मी गूळ काढला. मी स्वतः. झाडाच्या रसाचा.’

‘कसल्या झाडाच्या?’

तिने सांगितलं. एका दमात, काहीच न गाळता.

‘रंग कसा आला?’ मामाने विचारलं.

‘काळपट. लालसर काळपट.’

‘कणी धरली?’

‘धरली. पण जरा भरड आहे.’

‘मग उतरवायला उशीर केलास बघ,’ मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला, जसा तो शेजारच्या गुऱ्हाळवाल्यांशी बोलत असेल तसा झाला. ‘बुडबुडा मोठा व्हायच्या आधीच जाळ ओढून घ्यायचा. आणि घोटताना हात एकाच बाजूने फिरवू नको. तुझं पात्र उथळ आहे म्हणतीस ना? मग तर आणखीनच लवकर. ऐकायलीस का?’

‘ऐकतोय, दादा,’ आई म्हणाली. ‘सांग.’